आयर्लंड : सोडून गेलेल्यांवरचं प्रेम की हिशेब?

चिंचगूळ

बरेच दिवस डोक्यात असलेला विषय मांडते. जाणकारांनी भर घालावी.

१८४१ च्या जनगणनेत आयर्लंड बेटावर ८१ लाखांच्या वर लोक होते. आज उत्तर-दक्षिण मिळून मोजले तरी सत्तर लाखांच्या थोडे वर. पावणेदोनशे वर्षं उलटली तरी तूट भरून निघालेली नाही. तिकडे एकट्या अमेरिकेत स्वतःला आयरिश वंशाचे म्हणवणारे तीन कोटींच्या पुढे. मी कॉर्कमध्ये राहते. इथल्या कुठल्याही घरात विषय काढा, कोणाची आत्या शिकागोला, कोणाचा भाऊ पर्थला, कोणाचे चुलते बर्मिंगहॅमला रस्ते बांधायला गेले ते तिकडचेच झाले.

मला पडलेलं कोडं असं. हा देश गेलेल्यांवर कागदोपत्री फार माया करतो. परदेशात राहणाऱ्या आयरिश वंशाच्या लोकांशी आपलं खास नातं आहे, असं १९९८ च्या सार्वमतानंतर चक्क राज्यघटनेच्या दुसऱ्या कलमात लिहिलंय. आजी किंवा आजोबा बेटावर जन्मलेले असले की नातवाला नागरिकत्व मागता येतं, मग त्याने इथे कधी पाऊल का ठेवलेलं नसेना. पण तोच नातू हिरवी टोपी घालून पबमध्ये शिरला की त्याच्या पाठीमागे 'प्लॅस्टिक पॅडी', म्हणजे नकली आयरिश, म्हणून खसखस पिकते. आणि इथेच जन्मून वाढलेला माणूस परदेशी स्थायिक झाला, की राजदूत वगैरे अपवाद सोडले तर संसदेच्या निवडणुकीत त्याला मत नाही.

तर हे प्रेम आहे की हिशेब? अमेरिका, इंग्लंड, ऑस्ट्रेलियात आयरिश लोकांच्या शेजारी राहणाऱ्यांनी जरूर लिहा.

तिरफळ

हिशेब. धागा बंद करायला हरकत नाही.

मुसळधार

चिंचगूळतैंनी काडी टाकलेली आहे. मी खुर्ची घेऊन बसलोय. तिरफळराव, इतक्या लवकर बंद होणारे धागे इथे चालत नाहीत.

बंदरावरची

मी बॉस्टनजवळ राहते. आमच्या ऑफिसात एक जण आहे, चौथ्या पिढीचा. कुठला म्हणून विचारलं की सांगतो 'मेयो', म्हणजे आयर्लंडचा एक परगणा. मेयोला कधी गेलायस? नाही. दंडावर केल्टिक क्रॉस गोंदवलेला. मार्चमध्ये साउथ बॉस्टनच्या मिरवणुकीला सगळं खानदान घेऊन जातो, डोळ्यांत पाणी वगैरे. आयर्लंडहून नुकतीच आलेली आमची एक सहकारी त्याच्याकडे बघून कपाळाला हात लावते.

पण मला त्याची चेष्टा करवत नाही. त्याच्या पणजीला कोणी हौसेने बोटीत बसवलं नव्हतं. तिने जे बरोबर नेलं तेच या लोकांनी जपलं. मधल्या काळात मूळ आयर्लंड बदललं, श्रीमंत झालं, चर्चपासून लांब गेलं, हे त्याला कोण सांगणार? आपल्याकडच्या महाराष्ट्र मंडळांबद्दल मी काही बोलत नाही, इथले अर्धे सभासद अंगावर येतील.

खडूस काका

थोडं मागे जाऊ, नाहीतर सगळी चर्चा टोप्या आणि टॅटूंतच संपेल.

१८४५ मध्ये बटाट्यावर करपा आला. गरीब कुटुंबं जवळजवळ निव्वळ बटाट्यावर जगत होती, कारण बाकीची शेती खंड भरण्यासाठी होती. पुढच्या सातेक वर्षांत दहा लाखांच्या आसपास माणसं भुकेने आणि तापाने मेली, दहा लाखांहून जास्त देश सोडून गेली. काही जमीनदारांनी तर हिशेब मांडला की कुळं पोसण्यापेक्षा त्यांना बोटीत बसवणं स्वस्त पडेल. रॉसकॉमनमधल्या स्ट्रोक्सटाउनच्या जहागिरीवरून १८४७ मध्ये सुमारे दीड हजार माणसं चालत डब्लिनच्या धक्क्यावर नेली, तिथून लिव्हरपूल आणि पुढे क्विबेक. त्यातली निम्म्याच्या आसपास पोचलीच नाहीत. आज त्या वाटेवर जागोजाग काशाचे लहान मुलांचे बूट बसवलेत. क्विबेकजवळच्या ग्रोस ईल बेटावर त्या एका वर्षात पाच हजारांवर माणसं पुरली. टोरांटोची तेव्हाची वस्ती वीस हजारांची, आणि त्या एका उन्हाळ्यात तिथे ३८ हजार आयरिश उतरले.

आणि दुष्काळ सरल्यावर स्थलांतर थांबलं असं अजिबात नाही. लोकांनी धडा घेतला की जमिनीचे तुकडे करायचे नाहीत. शेत एका मुलाला, हुंडा एका मुलीला. उरलेल्या पाचसहा जणांनी काय करायचं? तिकीट. थोरली बहीण न्यूयॉर्कला मोलकरीण म्हणून जायची, पगारातून साठवून धाकटीचं तिकीट धाडायची, दोघी मिळून तिसरीचं. लग्न न झालेल्या मुली इतक्या संख्येने एकट्या निघाल्यात असं त्या काळच्या युरोपात दुसरीकडे क्वचितच दिसतं. नाताळाच्या सुमारास येणाऱ्या 'अमेरिकन पत्रा'त डॉलर असायचे, त्यावर घरचा खंड भागायचा. प्रेम आणि हिशेब असे दोन वेगळे डबे त्या घरांत नव्हतेच. प्रश्नच मला थोडा शहरी वाटतो.

दुसरा चहा

काका, दंडवत. वाचनखूण साठवली.

ते 'अमेरिकन वेक' काय असतं? कुठेतरी ओझरतं वाचलं होतं.

चिंचगूळ

@दुसरा चहा, इथे कोणी मेलं की घरात प्रेताभोवती रात्रभर जागतात. शेजारीपाजारी येतात, खाणंपिणं, गाणी, आठवणी, रडणं, सगळं एकत्र. तो 'वेक'. एकोणिसाव्या शतकात पोरगी किंवा पोरगा अमेरिकेला निघाला की आदल्या रात्री तसंच जागरण करायचे. माणूस जिवंत, चुलीशी बसलेला, आणि आई त्याच्यासमोर शोक करतेय. कारण परत भेट होणार नाही हे दोघांनाही पक्कं माहीत. सकाळी गावाच्या वेशीपर्यंत सगळे चालत पोचवायला जायचे.

कोव्ह बंदर इथून अर्ध्या तासावर आहे. १८४८ ते १९५० या काळात एकट्या त्या बंदरातून २५ लाख माणसं गेली म्हणतात. धक्क्यावर अॅनी मूर या मुलीचा पुतळा आहे, दोन धाकट्या भावांसह. १ जानेवारी १८९२ ला न्यूयॉर्कचं एलिस आयलंड केंद्र उघडलं तेव्हा पहिली नोंद तिची झाली. पुतळ्यात एक भाऊ समुद्राकडे बोट दाखवतोय आणि ती मागे वळून गावाकडे बघतेय. पर्यटक बहुतेक करून तिथल्या रंगीत घरांचे फोटो काढतात.

वेताळटेकडी

सगळं करुण आहे, मान्य. पण या धाग्यावर आयरिश लोकांना संत करू नका.

१८४२ च्या सुमारास आयर्लंडमधला पुढारी डॅनियल ओकॉनेलने अमेरिकेतल्या आयरिश लोकांना जाहीर आवाहन पाठवलं होतं, साठ हजार सह्यांचं : गुलामगिरीच्या विरोधात उभे राहा. तिकडच्या बहुतेक मंडळींनी ते साफ झिडकारलं. जुलै १८६३ मध्ये न्यूयॉर्कमध्ये सक्तीच्या सैन्यभरतीवरून दंगल पेटली, त्यात आयरिश मजूर आघाडीवर होते. त्यांनी कृष्णवर्णीयांना रस्त्यात गाठून मारलं, अनाथ मुलांचं वसतिगृह जाळलं. उपाशीपोटी आलेला माणूस दुसऱ्या उपाशी माणसाला जागा करून देतो हा आपला भाबडेपणा आहे.

आणि घरचंच बघायचं तर जालियनवाला बागेच्या वेळी पंजाबचा लेफ्टनंट गव्हर्नर असलेला मायकेल ओड्वायर टिपरेरीचा. भारतातल्या ब्रिटिश फौजेत तर आयरिश खोऱ्याने होते.

खडूस काका

@वेताळटेकडी, ओड्वायर बरोबर. पण त्याच पंजाबात जून १९२० मध्ये, जालंधरला, कॅनॉट रेंजर्स या ब्रिटिश फौजेतल्या पलटणीच्या आयरिश शिपायांनी शस्त्रं खाली ठेवली, कारण घरी त्यांच्या गावांवर ब्रिटिश फौज जुलूम करत होती. सोलनला त्यांचा पुढारी जेम्स डेली होता, विशीतला पोरगा. २ नोव्हेंबर १९२० ला दगशाईला त्याला गोळ्या घातल्या. पन्नास वर्षांनी, १९७० मध्ये, त्याचे अवशेष मायदेशी नेले.

आणि टिळकांची होमरूल लीग विसरलात होय? नावासकट कल्पना तिकडचीच. एप्रिल १९१६ मध्ये इकडे बेळगावला लीग स्थापन होत होती, आणि त्याच महिन्यात तिकडे डब्लिनमध्ये ब्रिटिशांविरुद्ध ईस्टरचं बंड झालं. होमरूलची वाट बघून कंटाळलेल्यांचं.

दुसरा चहा

अवांतर : दुष्काळाला परदेशातून आलेली पहिली मोठी मदत कलकत्त्याहून होती ना? कंपनीच्या नोकरीतल्या आयरिश लोकांनी जमवलेली, १८४६ च्या आसपास?

खडूस काका

हो. सुमारे चौदा हजार पौंड.

मालवणी मसाला

इतकी वेळ गप्प बसून बघत होतंय कोण नाव काढता काय ते. आमच्या मालवण तालुक्यातला वराड! लिओ वराडकर दोन वेळा आयर्लंडचा पंतप्रधान झाला, २०१७ ला आणि २०२२ ला. वडील डॉक्टर, मुंबईहून इंग्लंडला गेले. आई वॉटरफर्डकडची नर्स, दोघं इंग्लंडातच भेटले. म्हणजे त्या घरात स्थलांतर दोन्ही बाजूंनी. डिसेंबर २०१९ च्या शेवटी तो सगळ्या कुटुंबासकट वराडला येऊन गेला. गावाने ओवाळलं, देवळात नेलं.

आता सांगा, केनेडी १९६३ मध्ये वेक्सफर्डला जाऊन भावंडांकडे चहा प्यायला आणि हा वराडला आला, यात फरक काय? ओबामाचा कितव्या पिढीचा पूर्वज मनीगॉल गावचा निघाला, तर त्याच्या नावाने हायवेवर पेट्रोलपंप आणि हॉटेल काढलं. आम्ही अजून वराडात वडापावची गाडीसुद्धा 'पंतप्रधान' नावाने काढली नाही. कोकणी माणूस मागे पडता तो असा.

तिरफळ

@मालवणी मसाला 😂 टेंडर काढा, मी भागीदार.

मुसळधार

मला तर हे सगळं वाचताना चाकरमानीच दिसतायत. मनीऑर्डर, गणपतीला गावी, मुंबईत गावकऱ्यांची मंडळाची खोली, गावच्या देवळाला वर्गणी. तिकडे बॉस्टन-न्यूयॉर्कात प्रत्येक परगण्याचं मंडळ, इकडे गिरणगावात प्रत्येक गावाचं.

वेताळटेकडी

@मुसळधार, इथे थोडं सांभाळून. चाकरमानी वर्षातून एकदा तरी एसटीत बसून घरी येतो, आणि गावातलं त्याचं मत, घराचा हिस्सा, देवळातला मान सगळं शाबूत असतं. त्या पोरी एकदा गेल्या की गेल्या. आई गेल्याचं पत्र महिन्याने मिळायचं.

मुसळधार

हम्म. जाण्याच्या बाबतीत मान्य. पैशाच्या बाबतीत नाही.

ओव्हरटाइम

मी लंडनमध्ये नर्स आहे. तुम्ही सगळे अमेरिकेतच फिरताय, म्हणून लिहितेय. १९५० च्या दशकात चार लाखांच्या आसपास माणसं आयर्लंडमधून गेली, आणि ती मुख्यतः इंग्लंडला. डन लेरीहून होलीहेडची बोट, तिथून ट्रेन. ना पासपोर्ट ना एलिस आयलंड. त्यांच्यावर फारशी गाणी नाहीत, आणि त्यांच्या नातवंडांत कोणी राष्ट्राध्यक्ष झाला नाही.

आमच्या वॉर्डात ते म्हातारे येतात. हातांचे तळवे अजून फावड्याचे. किल्बर्न-कॅमडनला एका खोलीत पन्नास वर्षं काढलेली. पहाटे रस्त्याच्या कोपऱ्यावर उभं राहायचं, मुकादम गाडी घेऊन येणार, बोट दाखवेल तो चढणार. मजुरी रोख, नोंद कुठेच नाही, त्यामुळे म्हातारपणी पेन्शनही पुरतं नाही. चेक पुष्कळदा पबमध्येच वटायचा, मग त्यातले निम्मे तिथेच जायचे. उरलेल्यातून आईला पाठवायचे. त्या पैशांवर धाकटी भावंडं शिकली आणि आयर्लंडमध्येच राहिली.

एका बाबांना विचारलं, गावी का नाही गेलात? म्हणाले, गेलो होतो. भावाच्या बायकोने पाहुण्यांचे कप काढले.

आयरिश सरकारने परदेशातल्या अशा लोकांसाठी मदतीची योजना सुरू केली २००४ मध्ये. तोवर यांच्यातले कितीतरी जण गेले होते. चिंचगूळ, तुझ्या प्रश्नाचं माझ्यापुरतं उत्तर असं, की जो गेलेला श्रीमंत झाला त्याच्यावर प्रेम. याच्यावर नाही.

बंदरावरची

@ओव्हरटाइम, पाहुण्यांचे कप. बाप रे.

चिंचगूळ

@ओव्हरटाइम, हे माझ्या शेजारच्या आजींना वाचून दाखवायला हवं. त्यांचे दोन भाऊ कॉव्हेंट्रीला होते. त्या नेहमी सांगतात, अमेरिकेहून कपड्यांचं पार्सल यायचं त्याची गावभर चर्चा, इंग्लंडहून दर आठवड्याला मनीऑर्डर यायची ती सगळे गृहीत धरायचे.

तिरफळ

आता जरा गंभीरपणे. हिशेबाचा पुरावा देतो.

डी व्हॅलेरा, स्वातंत्र्यलढ्याचा पुढारी आणि पुढे आयर्लंडचा पंतप्रधान, जन्म न्यूयॉर्कचा. १९१९-२० मध्ये दीड वर्ष अमेरिकेत फिरून स्वतंत्र आयर्लंडच्या नावाने रोखे विकले, पन्नास लाख डॉलरच्या वर जमवले. विकत घेणारे कोण? मोलकरणी, ट्रामचालक, पोलीस. दहा-दहा डॉलरवाले. पुढे यादवी झाली, उरलेल्या पैशावर मालकी कोणाची म्हणून खटला, न्यूयॉर्कच्या कोर्टाने सांगितलं की पैसे रोखेधारकांना परत करा. मग साहेबांनी रोखेधारकांना गळ घातली की तुमचा हक्क माझ्या नावे लिहून द्या. अनेकांनी दिला. त्यातून १९३१ मध्ये 'आयरिश प्रेस' हे वर्तमानपत्र निघालं आणि त्याचा ताबा डी व्हॅलेरा कुटुंबाकडे राहिला. तुम्ही देशाला दिलेत, पोचले घराण्याला.

२०१३ मध्ये 'द गॅदरिंग' नावाची मोहीम काढली : जगभरच्या आयरिश लोकांनो, या वर्षी घरी या. मंदी होती, पर्यटन हवं होतं. गेब्रिएल बर्न हा नट काही काळ आयर्लंडचा सांस्कृतिक दूत होता, त्यानेच जाहीर तोफ डागली की परदेशस्थांचा खिसा कापायचा हा धंदा आहे. आणि १९८७ मध्ये, पोरं पुन्हा लोंढ्याने जात असताना, ब्रायन लेनिहन हे मंत्री काय म्हणाले होते? एवढ्याशा बेटावर सगळेच कसे राहणार! आटोपशीर.

बंदरावरची

@तिरफळ, बाजू एकच सांगू नका. त्या ८० च्या दशकातल्या पोरांपैकी हजारो इथे बॉस्टन-न्यूयॉर्कात विनाकागद होती. त्यांच्यासाठी इथल्या जुन्या आयरिश लोकांनीच काँग्रेसमध्ये खटपट केली, १९९० च्या कायद्यात तीन वर्षांत सुमारे ४८ हजार व्हिसा आयरिश लोकांसाठी राखून घेतले. मोरिसन व्हिसा म्हणतात. आम्ही एच-वन-बीवाले ते ऐकून अजून हळहळतो. आणि उत्तर आयर्लंडच्या शांतता कराराला क्लिंटनने इतका वेळ दिला तो काय उगाच? मतदार होते.

वेताळटेकडी

त्याच जुन्या आयरिश लोकांच्या डब्यांत पडलेल्या डॉलरांतून आधी उत्तर आयर्लंडमधल्या बंडखोरांना बंदुकाही गेल्या होत्या. लांबून देशभक्ती स्वस्त पडते. स्फोट आपल्या गल्लीत होत नाहीत.

बंदरावरची

ते आहेच. नाकारत नाही.

चिंचगूळ

मताबद्दल कोणीच बोललं नाही म्हणून मीच सांगते. नियम असा, की परत यायचा इरादा असेल तर गेल्यापासून अठरा महिने मत देता येतं. पण प्रत्यक्ष येऊन. २०१५ ला समलिंगी विवाहाच्या आणि २०१८ ला गर्भपाताच्या सार्वमताला तरुण मुलं लंडनहून, टोरांटोहून, पार सिडनीहून विमानाने आली. डब्लिन विमानतळावर अनोळखी लोक त्यांना मिठ्या मारत होते. २०१८ च्या वेळी डब्लिनच्या एका भिंतीवर सविता हलप्पनवारचं चित्र होतं. बेळगावची मुलगी, २०१२ मध्ये गॉलवेत वेळेवर गर्भपात नाकारला गेला आणि गेली. निकालानंतर लोकांनी त्या चित्रावर शेकडो चिठ्ठ्या डकवल्या. बऱ्याचशा चिठ्ठ्यांत तिची माफी मागितलेली होती. बाहेरून इथे आलेल्या बाईच्या मृत्यूने बाहेर गेलेली पोरं घरी आली, आणि कायदा बदलला.

अध्यक्षाच्या निवडणुकीत तरी परदेशस्थांना मत द्यावं म्हणून सार्वमत घ्यायचं ठरलं होतं, ते पुढे पुढेच जातंय. विरोधकांचा मुद्दा अगदी टाकाऊ नाही : बाहेरचे इतके जास्त आहेत की आतल्यांची मतं बुडतील, आणि कर कोण भरतो?

ओव्हरटाइम

कर त्या बाबांनी मनीऑर्डरने भरला की.

मुसळधार

+१००

दुसरा चहा

एक विचारू का, आता तिथे आपल्या लोकांवर हल्ले होतायत त्याचं काय? २०२५ च्या उन्हाळ्यात डब्लिनमधल्या बातम्या वाचून घरचे घाबरले होते. माझ्या भाचीला तिकडे मास्टर्सला जायचंय.

चिंचगूळ

झाले, खरं आहे. मीही काही दिवस संध्याकाळी एकटी चालत गेले नाही. त्याच वेळी तेव्हाचे अध्यक्ष हिगिन्स यांनी जाहीर निषेध केला, आणि आमच्या गल्लीतल्या तीन घरांतून 'ठीक आहेस ना' विचारायला माणसं आली. शेजारच्या आजी म्हणाल्या, माझ्या भावांनाही कॉव्हेंट्रीत दारं बंद केली होती. त्यांच्या नातवाचं मत मात्र 'फार लोक येतायत' असं आहे. एकाच टेबलावर. भाचीला पाठव, पण घराचं आधी पक्कं कर. इथे हल्ल्यांपेक्षा भाड्याने जास्त माणसं पळतात. इथली तरुण पोरंसुद्धा आता ऑस्ट्रेलियाला चालली आहेत, ती नोकरी नाही म्हणून नाही, घर परवडत नाही म्हणून.

खडूस काका

वेताळटेकडीच्या भाबडेपणाच्या मुद्द्यावर एक उलटं उदाहरण, तेही चिंचगूळच्याच परगण्यातलं. १८४७ मध्ये अमेरिकेतल्या चोक्टॉ या मूळनिवासी लोकांनी आयर्लंडच्या दुष्काळासाठी १७० डॉलर पाठवले. स्वतः सोळा वर्षांपूर्वी जमिनीवरून हुसकले गेलेले लोक. मिडलटनला त्यांच्या स्मरणार्थ पोलादी पिसांचं मोठं शिल्प आहे. आणि २०२० मध्ये करोनात नावाहो आणि होपी लोकांसाठी मदत उभी राहिली तेव्हा देणगीदारांच्या यादीत आयरिश आडनावांची रीघ लागली.

वेताळटेकडी

हे आवडलं. काका, तुमच्याशी भांडण पुढच्या धाग्यात.

बंदरावरची

मंडळी, कामाचा प्रश्न. तो मेयोवाला सहकारी आता पासपोर्ट काढायचा म्हणतोय. कुठून सुरुवात करायची?

चिंचगूळ

@बंदरावरची, आधी टाउनलँडचं नाव शोधायला सांग, म्हणजे वाडी. नुसत्या 'मेयो'ने काही होत नाही, एकाच नावाचे शंभर पॅट्रिक सापडतील. १९०१ आणि १९११ ची जनगणना ऑनलाइन फुकट आहे. त्याआधीची बहुतेक नाही, बरंच दप्तर १९२२ मध्ये डब्लिनच्या फोर कोर्ट्सच्या आगीत गेलं. मग चर्चची बाप्तिस्म्याची रजिस्टरं, तीही राष्ट्रीय ग्रंथालयाने २०१५ पासून खुली केली आहेत. अक्षर मात्र भयंकर, आणि नावं लॅटिनमध्ये.

पण बेटावर जन्मलेलं कोण? आजी की पणजी?

बंदरावरची

पणजी.

चिंचगूळ

मग कठीण आहे. त्याच्या जन्माआधी त्याच्या आईने किंवा वडिलांनी स्वतःची परदेशी-जन्म नोंदणी केली असेल तरच साखळी पुढे चालते. केली होती का?

बंदरावरची

त्याच्या वडिलांना असं काही असतं हेच माहीत नव्हतं. आता त्याला सांगू कसं? परवाच दुसऱ्या दंडावरही गोंदवून आलाय.

मालवणी मसाला

वराडला पाठवा. आम्ही पणजीवर भागवतो, पुरावा मागत नाही.